पौर्णिमा शनिवारी की रविवारी

झ्युनिक,
उपवासाचा पहिला आठवडा, गुरुवार
आर्मेनी सन ५५१

चि. सौ. शुशान हिस,
वासाकदादाचे अ. उ. आ. वि. वि.

पत्र हाती घेतलंस की आधी शिक्क्याखाली बघ. मेणात शेळीचा एक काळा केस ठेवला आहे. केस नसेल तर पुढचं वाचू नकोस, आणि नेरसेस मीठवाल्याला विचार की बाबा रे, वाटेत कुणाकडे जेवलास. मेणबत्त्या ओतण्यात माझा जन्म गेला, एकदा मोडून परत चिकटवलेलं मेण मला नुसत्या बोटाने कळतं. नेरसेस तसा भला माणूस आहे, पण त्याचं खेचर काराबेर्दच्या वेशीत रोज उभं असतं, आणि वेशीत उभ्या राहणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

इथे सगळे ठीक. तुझ्या वहिनीचे गुडघे थंडीने धरले आहेत, आणि मधमाश्यांच्या दोन पेट्या या हिवाळ्यात गेल्या. बाकी उपवास सुरू झाल्यामुळे घरात मसूर आणि कांदा, कांदा आणि मसूर.

येत्या उन्हाळ्यात बाबांना जाऊन तीन वर्षं होतील. तुर्कांचे स्वार दरवर्षी बागा जाळतात म्हणून बाबांनी स्वतःच्या हाताने जेरुसलेमला निघालेल्या या फ्रँकांना वेस उघडून दिली. पाहुणे आले असं त्यांना वाटलं. महिनाभरात किल्ल्या त्या ओडो सरदाराच्या कमरेला आणि आपले बाबा वेशीखालच्या पडवीत कैदेत. ज्या दाराचे ते किल्लेदार, त्याच दाराच्या पायाशी त्यांनी प्राण सोडला. तू हे जवळून पाहिलंस, मी फक्त ऐकलं. जवळून पाहणाऱ्याला सवय होते म्हणतात, म्हणून विचारतो, तुला झाली का? रागावू नकोस.

एक कोडं मला सुटत नाही. काराबेर्दमध्ये फ्रँक किती, तर चाळीस. भोवती आपले दोन हजार. नदीपलीकडे तुर्क. स्वतःचा मुलूख समुद्रापल्याड, बोली कुणाला कळत नाही, पाणी सोसत नाही. तरी चार वर्षं झाली, हलत नाहीत. हे टिकतात कशाच्या जोरावर? तू किल्ल्याच्या कोठीघरात असतेस, तुला दिसत असेल. सविस्तर लिही. सहजच विचारतो आहे.

तागुहीला गोड पापा. तुझ्या नवऱ्याला काय सांगायचं ते तूच ठरव.

लोभ आहेच, तो तुझ्याकडूनही आहे असं धरून चालतो.
वासाक

*

काराबेर्द,
उपवासाचा तिसरा आठवडा, मंगळवार

ती. दादास,
शुशानचा सा. न. वि. वि.

केस सापडला. तागुहीने तो उचलून तोंडात घातला, त्यामुळे आता पुरावा उरलेला नाही. नेरसेसला विचारलं. तो म्हणाला की तुझ्या दादाला सांग, मी वाटेत कुणाकडे जेवत नाही, कारण मला कुणी जेवायला बोलवत नाही. बिचाऱ्याला इतकं लागलं की मी त्याला घरात घेऊन वाढलं.

तू लिहितोस सहज विचारतो आहे. दादा, तू लहानपणी शेजारच्या जर्दाळूच्या झाडाकडेसुद्धा कधी सहज बघितलं नाहीस. तरी सांगते, कारण हा प्रश्न मलाही पडतो.

नदीपलीकडचा अमीर दर पावसाळ्याआधी ओडोला पनीर आणि सुके जर्दाळू पाठवतो. ते मीच उतरवून घेते. पहिल्या वर्षी मला वाटलं विष असेल. मग कळलं, अमीराला ओडो नकोसा आहे हे खरं, पण हलब शहराचा मलिक त्याहून नकोसा आहे. ओडो गेला तर हलबवाला येऊन त्याच्या मानगुटीवर बसेल. तुमच्या झ्युनिकचा धनी तर आपल्यातला, तोही ओडोला तिरंदाज देतो, कारण त्याला ग्रीकांची धास्ती. प्रत्येकाला दुसऱ्याची भीती जास्त वाटते, आणि फ्रँक त्या फटीत मजेत बसले आहेत.

बाकीचं आपणच करतो. बुरूज ढासळला तर आपले गवंडी. पहाऱ्यावर आठ ते आणि तीस आपले. पीठ आपलं, तेल आपलं, बायकाही आपल्याच, माझ्यासारख्या. दरवर्षी त्यांचे सात मरतात आणि जेरुसलेमची यात्रा करून परतणाऱ्यांतले पाच राहतात. एवढ्यावर चाललं आहे. कधी कधी वाटतं, हे चाळीसजण आपल्याला धरून नाहीत, आपणच त्यांना धरून आहोत.

ओडोही काही सुखात नाही. प्रत्येक ताटातला पहिला घास स्वयंपाक्याला खायला लावतो. माझ्या कोठीच्या किल्ल्या रोज दिवेलागणीला मोजून घेतो. एवढा संशयी माणूस, पण ईस्टरला मात्र वेडा होतो. अंताकियाच्या वेढ्यात उपासमार झाली तेव्हा त्याने नवस केला होता, की जगलो तर पुनरुत्थानाच्या सणाला देवासमोर कुणीही हत्यार नेणार नाही. म्हणून ईस्टरला सकाळच्या प्रार्थनेला यांचे सगळे चाळीस आत, आणि तलवारी देवळाच्या पडवीत, खुंट्यांना. वेशीवरचासुद्धा उतरून येतो. वर्षातला तेवढाच एक दिवस त्यांच्या अंगावर लोखंड नसतं.

माझ्या नवऱ्याचं नाव तू लिहीत नाहीस, तरी सांगते, गोबेर बरा आहे. पाय अजून ओढतो, पण वेशीवर उभं राहायला पाय कशाला हवा म्हणतो. आपली बोली शिकतो आहे. काल बाजारात कोंबडीचा भाव विचारायला गेला आणि कोंबडीवालीच्या आईचा भाव विचारून आला. यंदा या फ्रँकांचा उपवास आपल्या आधी पाच दिवस, बुधवारीच सुरू झाला. मी म्हटलं, चला, एकदा तरी आपल्यापेक्षा धार्मिक निघालात. उपवासाला मासे खातात ते सोड.

बाबांची सवय झाली नाही, दादा. पडवीवरून रोज जाते.

लोभ असू द्यावा, आणि पुढच्या वेळी केस शेळीचा नको, तागुहीला खोकला झाला.
तुझी शुशान

*

झ्युनिक,
उपवासाचा चौथा आठवडा, सोमवार

चि. सौ. शुशान हिस अ. उ. आ.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तुझं लेखन बाबांसारखं आहे, नको तिथे खेळकर आणि हवं तिथे नेमकं.

तुमच्या किल्ल्यावरून देवळासाठी मेणबत्त्यांची मागणी आली आहे, दोनशे मोठ्या. निरोप्या सांगत होता की माल येत्या पौर्णिमेच्या आत पोचलाच पाहिजे. मी त्याला म्हटलं, अरे, ईस्टर पौर्णिमेनंतरच्या रविवारी, मग आधी नेऊन उंदरांना घालता काय? तो म्हणाला, मला ठाऊक नाही, हुकूम आहे. यांचा कुणावर विश्वास नाही हेच खरं, माल आठ दिवस आधी हातात हवा. मी मान डोलावली. पण मेणबत्त्या मी ईस्टरच्याच सकाळी आणणार आहे. ताज्या मेणाला वास असतो.

पेट्या जड आहेत, म्हणून बरोबर अकराजण घेतो आहे. सगळे आपल्या ओळखीचे, काहींना तू लहानपणी पाहिलं आहेस. आम्ही थेट देवळाच्या पडवीत पेट्या उतरवू.

एक कर. त्या दिवशी तागुहीला खालच्या गावात आत्याकडे ठेव. गर्दीत पोरीला धक्के लागतात. याला नाही म्हणू नकोस.

पत्र वाचून झालं की चुलीत घाल. उत्तर नेरसेसबरोबर लगेच पाठव, तो तुझ्या दारात थांबेल. नुसतं बरं आहे एवढं लिहिलंस तरी मला कळेल.

लोभ आहे. यावेळी तो तपासूनही बघणार आहे.
वासाक

*

झ्युनिक,
उपवासाचा सहावा आठवडा, बुधवार

चि. शुशान,

नेरसेस रिकाम्या हाताने आला. तू त्याला भाकरी दिलीस, खेचराला चारा दिलास आणि मला दोन ओळी दिल्या नाहीस. म्हणे तू पत्र वाचून बराच वेळ उंबऱ्यावर बसून होतीस, आणि मग म्हणालीस की आज लिहायला बोरू नाही. किल्ल्याच्या कोठीघरात बोरू नाही.

मी तेव्हापासून एकच विचार करतो आहे. पत्र तुझ्याआधी कुणी उघडलं का? की तुझ्यानंतर कुणी वाचलं? गोबेरला आपली लिपी येते का? तू लिहिलं होतंस तो बोली शिकतो आहे, लिपीबद्दल काही लिहिलं नव्हतंस.

तुझी वहिनी म्हणते, बहिणीवर असा संशय घेतलास तर जेवण जाणार नाही. खरंच जात नाही. पण पेट्या भरून झाल्या आहेत आणि माणसं ठरली आहेत. येत्या रविवारी इकडे डहाळ्यांचा सण, त्यानंतरच्या रविवारी ईस्टर, आणि मी तुझ्या वेशीत.

या पत्राला उत्तर नको. आता उत्तर आलं तरी ते कुणी लिहायला सांगितलं असेल, हे मला कसं कळणार?

वासाक

*

झ्युनिक,
ईस्टरचा मंगळवार

शुशान,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.

बाराजण पहाटे निघालो. वाटेत एकमेकांना सण मुबारक केला. वेशीत येऊन बघतो तर भिंतीवर फ्रँक, अंगात चिलखत, कमरेला तलवार. देवळाचं दार सताड उघडं आणि आत एक म्हातारी झाडू मारते आहे. बाजार चालू. कोंबड्या विकत होते. ईस्टरच्या दिवशी.

मला वाटलं सगळं संपलं, आता पेट्या उघडतील. आणि तू वरून उतरलीस. कडेवर पोर, हातात किल्ल्यांचा जुडगा. साऱ्या पहाऱ्यासमोर मला म्हणालीस की दादा, तुझ्या वेंधळेपणाला काय म्हणावं, सण होऊन आठ दिवस झाले आणि तू आज मेणबत्त्या घेऊन आलास. सगळी वेस हसली. एक फ्रँक तर हसता हसता भिंतीला टेकला. तुम्ही म्हणालात, माल नको, परत न्या. तुझ्या नवऱ्याने स्वतः पेटी उचलून खेचरावर चढवायला मदत केली.

परत येताना अकराहीजण माझ्या पुढे चालत होते. शेवटी म्हातारा सार्किस मागे वळून म्हणाला की वासाक, तुझ्या बहिणीने आपल्याला वाचवलं की विकलं, तेवढं सांग. मी म्हटलं, तिलाच विचारतो.

तू लिहिलंस ईस्टर. मी ईस्टरला आलो. मठात विचारलं, ते म्हणाले आमचा दिवस बरोबर आहे, फ्रँकांनी यंदा सण वाकडा केला. म्हणजे तुला माहीत होतं. हत्यारं खाली असलेला दिवस तू मला सांगितलास आणि तो कुठला ते लपवलंस. मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे, शुशान. तू कुणाची?

वासाक

*

काराबेर्द,
ईस्टरनंतरचा दुसरा आठवडा
(तुझ्या मोजणीने पहिला)

ती. दादास,
शुशानचा सा. न. वि. वि.

तू आशीर्वाद लिहिला नाहीस. मी नमस्कार लिहिते, थोरल्याला नमस्कार करायला त्याची परवानगी लागत नाही.

पहिल्यांदा लिहिलं तेव्हा मला माहीत नव्हतं. तागुहीच्या डोक्यावर हात ठेवून सांगते. ईस्टर म्हणजे ईस्टर, दोन असतात हे कुणाच्या बापाने ऐकलं होतं? आपले होवसेप पाद्री म्हणतात, असा घोळ पंचाण्णव वर्षांनी एकदा होतो, मागचा बघितलेलं आज कुणी जिवंत नाही. पाचव्या आठवड्यात ते तावातावाने वर किल्ल्यावर आले. आपल्या गणिताने पौर्णिमा रविवारी, म्हणून सण पुढच्या रविवारी. फ्रँकांच्या पाद्र्याच्या गणिताने पौर्णिमा शनिवारी, म्हणून सण लगेच दुसऱ्या दिवशी. दोघे अंगणात आकाशाकडे बोट करून भांडत होते, भर दुपारी. ओडोला वाटलं होवसेपांचं काहीतरी कारस्थान आहे. फ्रँक पाद्र्याला वाटलं ओडोच त्यांना सामील आहे. गोबेर मला म्हणाला की तुमच्या देशात चंद्रसुद्धा दोन बाजूंनी बोलतो.

त्यानंतर दोन दिवसांनी तुझं पत्र आलं. अकराजण, जड पेट्या, पडवी. दादा, दोनशे मेणबत्त्यांना चार माणसं पुरतात, मीही तुझ्याच घरातली आहे. तेव्हा मला सगळं कळलं. आणि हेही कळलं, की तू चुकीच्या रविवारी येणार आहेस.

नेरसेस दारात होता. बोरू होता, शाई होती. मला तीन शब्द लिहायचे होते, आठ दिवस आधी. ते लिहिले असते तर तू योग्य दिवशी आला असतास. किंवा येऊ नकोस असे लिहायचे होते. ते लिहिले असते तर तू ऐकलं नसतंस, उलट दिवस बदलला असतास. मी उंबऱ्यावर बसून तुझी एकच ओळ परत परत वाचत होते. तागुहीला आत्याकडे ठेव.

मला कुठे ठेवायचं ते तू लिहिलं नव्हतंस.

ईस्टरला बायकाही देवळातच असतात, हे तुला माहीत आहे. आत चाळीस ते, त्यांच्या आमच्यासारख्या सतरा बायका, आणि दार बाहेरून लावलेलं. छत लाकडाचं आहे. मेणबत्त्या तुझ्याच. तू म्हणशील कुणाला मारायचं नव्हतं, फक्त किल्ल्या घ्यायच्या होत्या. बाबाही म्हणाले होते की फक्त वेस उघडतो आहे. म्हणून मी नेरसेसला भाकरी दिली आणि मोकळं पाठवलं. मी तुला विकलं नाही. मी गप्प बसले. तू त्याला जे नाव देशील ते दे.

त्यांच्या ईस्टरला मी देवळात उभी होते आणि माझी नजर पडवीतल्या खुंट्यांवर. तू कदाचित कुठूनतरी खरा दिवस ऐकलाही असशील, असं वाटत होतं. प्रार्थनेतला एक शब्द कानावर पडला नाही. मग आठ दिवसांनी तू आलास, आणि तुझा तो मेणासारखा पांढरा पडलेला चेहरा बघून मला आधी हसू आलं आणि मग तुझ्यामागच्या पेट्या दिसल्या. वेशीतले हसले नसते तर त्यांनी पेट्या उघडल्या असत्या. हसलेला माणूस झडती घेत नाही, म्हणून मी तुला वेंधळा म्हटलं. चारचौघांत म्हटलं त्याची माफी मागते.

आता गोबेरचं ऐक. पेटी त्याने उचलली. मेणाचं ओझं आणि लोखंडाचं ओझं यातला फरक पहारेकऱ्याला कळत नाही असं तुला वाटतं का? त्याने दोरी दोन वेळा घट्ट बांधली. घरी येऊन म्हणाला की तुमच्याकडचं मेण फार जड असतं. एवढंच. ओडोला काही बोलला नाही, अजून नाही. तेव्हापासून जेवताना माझ्याकडे बघतो, आणि मी त्याच्याकडे. काल मी वाढलेल्या ताटातला पहिला घास त्याने उचलला आणि क्षणभर हातात धरून ठेवला. मग खाल्ला. मला रडू आलं, ते मी कांद्यावर घातलं.

तू विचारलं होतंस ना, हे लोक टिकतात कशाच्या जोरावर? मागे मी अमीराचं आणि बुरुजाचं लिहिलं. ते खरं आहे. पण तो घासही त्यात धर. तो ज्याला सांगायचं त्याला सांगत नाही, मी जिथे लिहायचं तिथे लिहीत नाही, यावर तो किल्ला उभा आहे. बाकी दगड आहेत.

तू कुणाची, असं विचारलंस. तुझ्या ईस्टरला, तू परत गेल्यावर, मी कांद्याच्या सालीत परत अंडी रंगवली. आधीच्या रविवारीही रंगवली होती. तागुहीने दोन्ही वेळा खाल्ली. गोबेर म्हणाला, बरा देश आहे, देव दोनदा उठतो. मी दोन्ही वेळा मनापासून प्रार्थना करायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा घाबरलेली होते. यातून तुला उत्तर मिळत असेल तर घे.

तू रागावलास तरी लोभ असावा. माझ्याकडे तो ठेवायला दुसरी जागा नाही.
तुझी शुशान

*

झ्युनिक,
पेन्टेकॉस्टच्या सणाआधीचा शनिवार

चि. सौ. शुशान हिस,
वासाकदादाचे अ. उ. आ.

पत्र लिहायला सहा आठवडे लागले. चार फाडली. तुला कुठे ठेवायचं ते मी लिहिलं नाही, कारण तू पोरीजवळच असशील असं मी धरून चाललो होतो. हे खरं आहे. पण ते मी विचारात घेतलं नव्हतं हेही खरं आहे, आणि ते मला माझ्या बायकोने दाखवून दिलं. तिने दोन दिवस अबोला धरला होता.

सार्किसला सांगितलं की वाचवलं. तो म्हणाला बघू.

मठात परत जाऊन विचारलं. पुढच्या वर्षी त्यांचा आणि आपला ईस्टर एकाच रविवारी आहे. यात काही घोळ नाही, तीनदा मोजून घेतलं. मी मेणबत्त्या घेऊन येईन म्हणतो. एकटा. एक पेटी, एक खेचर. भाचीला बघितलं तेही तुझ्या कडेवर, लांबून, आणि नको त्या दिवशी.

शिक्क्याखाली या वेळी केस ठेवलेला नाही. बघितला असशीलच.

लोभ राहू दे.
वासाक

*

काराबेर्द,
पेन्टेकॉस्टनंतरचा बुधवार

ती. दादास,
शुशानचा सा. न. वि. वि.

बघितलं. केस नव्हता. तरी शिक्का दोनदा उलटा करून पाहिला, एकदा मी आणि एकदा गोबेरने.

ये. तागुहीला मामा म्हणायला शिकवते आहे. आत्याकडे नाही ठेवणार, ती वेशीत माझ्याबरोबर उभी असेल. वहिनीलाही आण, गुडघ्यांना इथलं ऊन मानवेल. गोबेर म्हणतो, पेटी तोच उतरवून घेईल.

लोभ आहे, दादा, काही कमी झालेला नाही. पेटी मात्र मी वेशीतच उघडीन.
शुशान